केराक्काचा अबोला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, मी काही तेव्हा हजर नव्हतो, आमच्या धामणओढ्यात केराक्का नावाची बाई राहायची. आधीच सांगून ठेवतो, मधे कुणी शंका काढायची नाही. ज्याला शंका असतील त्यानं मागं बसावं आणि शेंगा खाव्यात.

तर केराक्का. तिच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, तिथनं उचलून आणलं आणि नाव ठेवलं केरा. म्हणजे यमाला वाटावं, हा कचराच आहे, कशाला न्या. यमानं सोडलं. पण उकिरड्यावर ठेवल्यावर ती पोर जी ओरडली, ती पुढं जन्मभर ओरडतच राहिली, असं म्हणतात.

भांडणात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ती ओट्यावर उभी राहून कंबरेवर हात ठेवायची, तेव्हा आजूबाजूच्या बाया चिंचेखाली धडुती पसरून ठेवायच्या, कारण तिचा आवाज चढला की चिंचा खाली पडायच्या. एकदा घारीनं कोंबडीचं पिल्लू उचललं, तर केराक्का खालनं असं काही बोलली की घारीनं पिल्लू परत आणून खुराड्याच्या दारात ठेवलं, असं म्हणतात. काहीजण तर म्हणतात, शेजारच्या घरचं एक जास्तीचं आणून दिलं. ते मात्र मला पटत नाही.

आणि शिव्या! आजकाल पोरं देतात तसल्या नाहीत हं. आईबहिणीचं नाव तिच्या तोंडात कधी आलं नाही. तिच्या शिव्या म्हणजे, "तुझी वहाण देवळाबाहेरनं चोरीला जाऊ दे, आन ती बी एकच!" नाहीतर, "तुझ्या घरी व्याही येऊ दे, पाऊस लागू दे, आन म्हैनाभर उघडू नको दे!" माणूस घरी जाऊन विचार करत बसायचा. झोप यायची नाही.

जनावरांशी मात्र ती हळू बोलायची. तिच्या दावणीला दोन बैल आणि एक गाय. त्यांना उठवतानाही "उठता का बाबांनो" असं म्हणायची. गावाच्या विहिरीजवळ एक लांबलचक दगडी डोण होती, सगळ्या गावाची जनावरं तिथंच पाणी प्यायची. एकदा तिथं रावजी पाटलाच्या बैलानं केराक्काच्या गाईला शिंग लावलं. झालं! त्या दिवशी तिनं पाटलाला, पाटलाच्या बैलाला, डोणीला आणि डोण घडवणाऱ्या पाथरवटाला सुनावलं आणि पुन्हा त्या डोणीवर पाऊल टाकायचं नाही अशी शपथच घेतली. तेव्हापासून घागरीनं पाणी वाहून ती जनावरांना घरीच पाजायची. गोठ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कुणाचं जनावर आपल्या जनावराजवळ येऊ द्यायचं नाही, कुणाच्या कडब्याची काडी घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. गावानं तिला वाळीत टाकलं नव्हतं, तिनंच सगळ्या गावाला वाळीत टाकलं होतं.

फक्त एका माणसाला सोडून. शेजारच्या अंगणातली मंजुळा. ही तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, माहेर लांब घाटाखाली. एक बैल आणि एक गाय एवढ्यावर तिचं चालायचं. बैल दुसऱ्याच्या बैलाबरोबर सावडीनं जुंपायचा, आणि गाईचं दूधदुभतं. रोज दुपारी ती तांब्याभर ताक घेऊन केराक्काच्या ओट्यावर येऊन बसायची. केराक्का आल्यागेल्यावर तोंडसुख घ्यायची आणि ही पदर तोंडाला लावून हसायची. "अक्का, ती वहाणंची पुन्यांदा म्हणा की," म्हणायची. आता जी बाई शिवी ऐकून हसते, तिच्याशी भांडणार कसं? म्हणून त्या दोघींचं कधी भांडण झालंच नाही.

असं सगळं बरं चाललं होतं. मग रावजी पाटलानं बाजारातनं एक नवा बैल आणला.

बैल म्हणजे काय सांगू! पांढराशुभ्र, कमानदार शिंगं, चालायचा तर जमिनीवर उपकार केल्यासारखा. आता आमच्या गावाची एक खोड होती. कुणाकडं नवा बैल आला की गावानं आपापला बैल घेऊन तिथं जायचं आणि जोड बघायची. म्हणजे नव्या बैलाशेजारी आपला बैल उभा करायचा, तोंडाला तोंड लावून, उंची बघायची, रंग बघायचा, एका जुवाखाली दोन पावलं चालवायचं आणि म्हणायचं, "पाटील, जोड जमली की हो!" घ्यायचं नाही, द्यायचं नाही, नुसती हौस. सगळा गाव येऊन गेला. मंजुळाही आपला बैल घेऊन गेली. मग सगळी जनावरं डोणीवर एकत्र पाणी प्याली.

आणि गळे सुजायला लागले.

सकाळी रवंथ करत बसलेलं जनावर दुपारी मान लांब करून उभं राहायचं. अंग तापलेलं, गळा मडक्याएवढा, तोंडातनं लाळ, घशात नुसती घरघर, आणि दिवस मावळायच्या आत आडवं. घटसर्प! आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे की हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा असतो, लाळेतनं, पाण्यातनं, वैरणीतनं तो एकापासनं दुसऱ्याला जातो, आणि एखाद्या धडधाकट जनावराच्या घशात गपगुमान बसूनही राहतो. तेव्हा कुणाला माहीत होतं? पाटलाचा बैल तर ठणठणीत होता. लोक म्हणाले, "बघा, काय जातिवंत जनावर! रोग शिवला न्हाई त्याला." मग काय, ज्याचं जनावर मलूल दिसेल तो ते नेऊन पाटलाच्या बैलाशेजारी बांधायला लागला. त्याचा गुण लागावा म्हणून. गुण लागला, पण कसला ते तुम्हीच समजा.

मग गाव गंगाराम गुरवाकडं गेलं. गुरव भला माणूस होता, देवभोळा, पण त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय असायचा. कडुनिंबाच्या डहाळ्या गुंफलेला दोर वेशीवर आडवा बांधायचा, गावातली झाडून सगळी जनावरं, बरी आणि आजारी, नाकाला शेपटी लावून त्याखालनं काढायची आणि मग अंगारा टाकलेलं डोणीतलं पाणी सगळ्यांना पाजायचं. त्याप्रमाणं केलं. दुसऱ्या दिवशी आणखी जनावरं गेली. गुरव म्हणाला, "दोर बारीक पडला." मग मनगटाएवढा दोर केला आणि पुन्हा सगळी जनावरं त्याखालनं काढली. आणखी गेली. मग मांडीएवढा केला. शेवटी शेवटी तर दोर एवढा जाड झाला की तो ओढून वर चढवायलाच बैल लागले, आणि बैल तर कमी कमी होत चाललेले, असं म्हणतात.

पेरणी तोंडावर आलेली. बैल नाहीत तर पेरणी नाही, पेरणी नाही तर खायचं काय? लोक गाव सोडायची भाषा बोलायला लागले. चावडीवर मंडळी डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "केराक्काची जनावरं कशी काय धड हायत?"

खरंच की! तिचे दोन्ही बैल तुकतुकीत, गाय दूध देतेय. मग चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, करणी. कुणी म्हणालं, ती रात्रंदिस शिव्या देते, त्याला भिऊन रोगच तिच्या दारात जात नाही. हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण ते स्वतःही त्याच कारणानं जात नव्हते. ठरलं, केराक्काला विनंती करायची, घरोघर येऊन शिव्या द्याव्यात.

पाटील आणि गुरव कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "अक्का, गावावर उपकार करा. आमच्या गोठ्यात येऊन दोन शिव्या द्या."

"का? तू काय केलंस?"

"आज काई न्हाई केलं."

"मग शिवी फुकट घालवू का?" केराक्का म्हणाली. "कारण असल्याबिगार मी कुणाला बोलत न्हाई. मी काय येडी हाय?" आणि तिनं कुंपणाचं फाटक त्यांच्या तोंडावर आपटलं.

त्याच दुपारी मंजुळा आली. नेहमीसारखं ताक होतं, पण हसू नव्हतं. तिचा बैल सकाळी गेला होता.

"गाय तेवढी राह्यलीय, अक्का," ती म्हणाली. "गाभण हाय. तिचं काई झालं तर मला भावाकडं जायला लागंल, घाटाखाली. मग कुठनं येणं हुतंय इकडं."

केराक्का काही बोलली नाही. तिच्या जन्मात ती पहिल्यांदाच गप्प बसली होती, असं म्हणतात. घाट उतरून गेलेली विधवा बहीण भावाच्या घरी राबते, परत येत नाही, हे तिला माहीत होतं. आणि मंजुळा गेली की या ओट्यावर बसणारं जगात कुणी उरत नव्हतं.

"अक्का, तुम्ही काय केलंत ते सांगा की. तुमची जनावरं कशी राह्यली?"

"काई केलं न्हाई गं बाई," केराक्का रडकुंडीला येऊन म्हणाली. "देवाशप्पथ काई केलं न्हाई. नुसती भांडलीय सगळ्यांशी."

"मग भांडा की," मंजुळा म्हणाली.

केराक्का उठली. लुगड्याचा ओचा खोचला आणि फाटक उघडून गावात शिरली. तिच्या डोक्यात एवढंच होतं, मी भांडले म्हणून वाचले, तर गावानंही भांडलं पाहिजे. एकट्या माझ्या भांडणानं कसं भागेल? प्रत्येकानं प्रत्येकाशी भांडलं पाहिजे.

आणि तिनं काही खोटं सांगितलं नाही, हे लक्षात ठेवा. खरं तेच सांगितलं, फक्त ज्याचं त्याला सांगितलं. शिर्क्याला म्हणाली, "तुझा बैल जोडीला हुबा केला तवा पाटील म्हणाला, ह्यापरीस गाढव बरं." पाटलाला म्हणाली, "तुझ्या बैलाची शिंगं बघून शिर्के म्हणाला, नुसती शिंगंच हायत, बाकी पोकळ." सुताराच्या बायकोला सांगितलं, तुझ्या पुरणपोळीला गुरवीण काय म्हणते. गुरविणीला सांगितलं, तुझ्या नवऱ्याच्या दोराला सुतार काय म्हणतो. दुपार कलेपर्यंत धामणओढ्यात कुणी कुणाचं तोंड बघायला तयार नव्हतं. नवरे बायकांशी भांडले, व्याही व्याह्यांशी भांडले, मारुतीच्या देवळातला बैरागी एकटाच होता, तर तो मारुतीशी भांडला, असं म्हणतात.

मग काय झालं ऐका. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून प्रत्येकानं गोठ्याभोवती काटे घातले. डोणीवर गेलं की शत्रू भेटतो, म्हणून जो तो घागरीनं पाणी आणून घरी पाजायला लागला. डोण कोरडी पडली. वैरणीची उसनवारी बंद. पाटलाचा बैल बघायला जायचं कुणी नाव काढेना, तो एकटाच गोठ्यात शिंगं हलवत उभा. दोर बांधायला गुरवानं हाक मारली, तर गुरवाच्या हाकेला ओ कोण देणार? आणि कुणाचं जनावर मेलं, तर ते गावातनं फरफटत ओढ्याकाठी न्यायला चार माणसं जमेनात, म्हणून ज्यानं त्यानं आपल्याच रानात, मेलं तिथंच, खोल खड्डा खणला आणि एकट्यानं शिव्या देत पुरलं.

सगळा गाव असा बंद झाला. राहिली एकटी मंजुळा.

ती यायचीच. भांडण तिच्याशी कुणाचं होईना, कारण ती हसायची. बैल मेलेला तो गोठा झाडायची, गाईच्या अंगावरनं हात फिरवायची आणि त्याच पावलांनी ताक घेऊन केराक्काच्या अंगणात यायची. इकडच्या गाईला खाजवायची, पुन्हा तिकडं जायची. केराक्काला दिसत होतं, सगळ्या गावात आता एवढीच एक वाट उघडी आहे.

ती ओट्यावर उभी राहिली. कंबरेवर हात ठेवले. बाया लांबनं बघत होत्या, कुणी चिंचेखाली धडुतंही पसरलं. आणि केराक्काला शब्द सापडेना! जिनं घारीला वळवलं, पाटलाला पळवलं, ती नुसती तोंड उघडून उभी. वहाणंची शिवी आठवली, पण ती तर मंजुळाची लाडकी. व्याह्याची आठवली, पण मंजुळाला कुठले व्याही? शेवटी तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "तुझ्या ताकाला वास येतो."

एवढंच. एक चिंचही पडली नाही.

पण मंजुळा हसली नाही. तिनं तांब्याकडं बघितलं, केराक्काकडं बघितलं. "रोज प्यायचात की," ती म्हणाली. मग तांब्या उचलला आणि गेली. जाताना फाटक नीट लावून गेली. आपटून गेली असती तर केराक्काला बरं वाटलं असतं.

आणि बरोबर त्यानंतर, भर दुपारी, रोगराई स्वतः केराक्काच्या दारात आली, असं म्हणतात. हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी, गळा हा एवढा सुजलेला, बोलली की घरघर. म्हणाली, "बाई, काय गाव आहे तुमचं! मी आपली माणसांच्या पाठोपाठ जाते, जनावरांच्या उष्ट्या पाण्यावर जगते. इथं कुणी कुणाकडं जात नाही, कुणी कुणाचं उष्टं पाणी पीत नाही. मी जाऊ कुठं? तेवढं त्या मंजुळाच्या पाठनं तुझ्याकडं आले असते, तर तिलाही तू घालवलंस."

झालं! मंजुळाचं नाव काढायला नको होतं. केराक्काच्या पोटात तो ताकाचा शब्द सलत होता, तो सगळा राग उसळून आला. तिनं जी सुरुवात केली ती ऐकून ओढ्याचं पाणी उलटं वाहायला लागलं, असं म्हणतात. डोंगरावरची मेंढरं बसली. चिंचेवर चिंच राहिली नाही, पानही राहिलं नाही. म्हातारीच्या खाण्यावर, पिण्यावर, चालीवर, लुगड्याच्या रंगावर, तिच्या सगळ्या गोतावळ्यावर केराक्का बोलत राहिली आणि प्रत्येक वाक्यागणिक म्हणत राहिली, "तुझ्यापायी मला तिला बोलायला लागलं!" शेवटी म्हातारी दोन्ही कानांवर हात ठेवून पळत सुटली, ती ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली. गडबडीत एक वहाण राहिली म्हणतात. एकच.

पण केराक्काचा आवाज गेला. कायमचा. तोंड उघडलं तर नुसती हवा.

रोग हटला. जी जनावरं राहिली होती ती राहिली, पेरणी झाली, गाव उठलं नाही. मंजुळाची गाय व्याली, कालवड झाली. हळूहळू लोक एकमेकांशी बोलायला लागले. काही अजून लागायचेत. आमचं आणि शिर्क्यांचं आजपर्यंत जमलेलं नाही, आणि त्यात आमची चूक नाही.

मंजुळा मात्र ओट्यावर आली नाही. केराक्का रोज वाट बघायची. हाक मारायची म्हटलं तर आवाज नाही. शेवटी एक दिवस ती स्वतःच मंजुळाच्या दारात जाऊन उभी राहिली. मंजुळाला वाटलं, आली पुन्हा बोलायला. आणि इतकी वर्षं न भांडलेली ती बाई भांडली!

"वास येतो? माझ्या ताकाला वास येतो? एवढी वर्सं नाक कुठं ठिवलं हुतं? तुमच्या... तुमच्या चुलीतला जाळ... इझू दे! आन... आन पुन्यांदा पेटूच नको दे!"

गाव जमा झालं. केराक्का मान खाली घालून ऐकत उभी. मंजुळाचा दम संपला तेव्हा केराक्का जवळ गेली आणि तिच्या कानाशी कुजबुजली. सगळ्या गावानं कान टवकारले. मंजुळा नंतर सांगायची, केराक्का म्हणाली, "आवाज पोटातनं काढ गं. आन जाळ इझला तर पेटवता येतो. लाकडं वली हू दे म्हणायचं."

मंजुळाला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि केराक्काच्या गळ्यात पडली. पुढं जन्मभर केराक्काची सगळी भांडणं मंजुळानं भांडली. केराक्का कानात सांगायची आणि मंजुळा मोठ्यानं म्हणायची. आधी आधी नीट जमायचं नाही, मग जमायला लागलं, असं म्हणतात.

तर अजूनही आमच्या धामणओढ्यात केराक्काचा अबोला पाळतात. पावसाळ्याच्या आधी सरकारी डॉक्टर येऊन सगळ्या जनावरांना लस टोचून जातो, ती टोचून घ्यायचीच, त्यात कुचराई नाही. केराक्का सुईच्या आड आली नसती. पण तरीही कुणाच्या जनावराचा गळा सुजला, तर त्यानं डॉक्टरला निरोप धाडायचा, वेशीत उभं राहून बोंब मारायची, आणि त्या क्षणापासून सगळ्या गावानं भांडायचं. एकमेकांच्या दारात पाऊल नाही, वैरण नाही, पाणी नाही, रोग हटेपर्यंत बोलणं नाही. आणि नियम असा की पहिलं भांडण आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाशी करायचं. लांबच्या माणसाशी भांडून काय उपयोग? तो तसाही येत नाही.

मागच्या वर्षी वरच्या आळीत एक म्हैस गळ्याला सुजली. बोंब झाली तसा मी सकाळपासनं कुंपणाशी येऊन उभा राहिलो. ज्ञानू लोहार, माझा लहानपणापासनचा जोडीदार, रोज संध्याकाळी माझ्याकडं तंबाखू खायला येणारा. आता येईल, मग येईल. सगळी आळी दणाणत होती, ज्याचा त्याचा माणूस ज्याच्या त्याच्या दारात येऊन ओरडून जात होता, आणि माझ्या दारात चिटपाखरू नाही. बायको म्हणाली, "जेवून घ्या." घास उतरेना. म्हटलं, म्हातारपणी असं व्हायचं होतं. दुसरं कुणी जवळचं झालं असेल त्याला.

दुपार कलल्यावर आला एकदाचा. काठी टेकत, धापा टाकत. गुडघा धरला होता, म्हणून उशीर. कुंपणाबाहेर उभा राहिला आणि तिथनं त्यानं माझा बाप, माझी शेती, माझं थोबाड, माझं हे गोष्टी सांगणं, सगळं सगळं काढलं. असा भांडला, असा भांडला! मीही सोडलं नाही. मग पाठ फिरवून तो लंगडत गेला, आणि मी घरात येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.